भगरीच्या शेवया

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक किराणा दुकान आहे. तिथं तूरडाळ आणि साबण विकणारा माणूस तुमच्या हातात गरम नूडल्सचा वाडगा द्यायचा आणि तुम्ही पहिला घास घेईपर्यंत हाताची घडी घालून समोर उभा राहायचा. दुकान अजून चालू आहे. वाडगा बंद झाला, आणि तो माझ्यामुळं झाला. गावात हे कुणाला माहीत नाही. गावाला उलटंच माहीत आहे.

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी ज्या शाळेत शिकवतो ती दुकानाच्याच गल्लीत आहे. मधल्या सुट्टीत डबा न खाता मी तिकडं जायचो.

मे महिन्यातसुद्धा चाचांच्या अंगात बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर असायचा. एकदा मी विचारलं, "चाचा, उकडत नाही का?"

"उकडतंय की. पण खिसे बरोबर जागेवर हाईत," ते म्हणाले. एका खिशात किल्ल्या, दुसऱ्यात स्वतःचा चमचा. चव बघायला दुसरा चमचा त्यांनी कधी वापरला नाही आणि तो चमचा कढईत कधी बुडवला नाही. पळीतलं त्यावर ओतून घ्यायचे.

नूडल्सची सुरुवातही त्यांच्या वैतागातून झाली होती. पाकिटं नवी आली तेव्हा बायका दुकानात उभ्या राहून विचारायच्या, हे कसं करायचं, किती पाणी, कांदा आधी की नंतर. चाचा तरुणपणी पुण्यात एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. तिथल्या नेपाळी आचाऱ्याकडून ते हे शिकले होते. रोज तेच तेच सांगून कंटाळले आणि एक दिवस त्यांनी गल्ल्याच्या मागं शेगडी मांडली. "बघा आन् जावा," म्हणाले. बघणारे गेले नाहीत. खायला बसले. मग चार तेलाचे रिकामे डबे पालथे घातले, त्यावर गोणपाट टाकलं आणि गावात नूडल्सचं हॉटेल सुरू झालं. ते त्याला कधीही हॉटेल म्हणत नसत. "दुकानात दाखवायला करतो," एवढंच म्हणत.

नियम पुष्कळ होते. साबण, उदबत्ती, धुण्याची पावडर दुकानाच्या एका टोकाला, खाणारे दुसऱ्या टोकाला, मिरी-धन्याच्या बरण्यांकडं तोंड करून. "नाक ज्याच्याकडं, चव त्याची." खाताना फोन काढला की वाडगा उचलून घ्यायचे. "नूडल्स फुगायल्यात, सर. तुमचा फोन न्हाय फुगत." दुसरा वाडगा कुणालाही मिळत नसे. एका तलाठ्यानं एकदा म्हटलं की पुण्यात याहून भारी मिळतात. त्याला वर्षभर दुकानाची पायरी चढू दिली नाही. तो साखर न्यायला आला तरी, "पुण्याहून मागवा की." आम्हा मास्तरांवर त्यांचा विशेष लोभ. "मास्तर लोक वाडगा असा पुसून खातेत की धुवायचं काम न्हाय. आन् वर म्हणतेत, मीठ जरा कमी होतं."

किराणा देतानाही तेच. डाळ मागितली की आधी, "कशाला पायजे?" आमटीला म्हटलं की एक, वरणाला म्हटलं की दुसरी. पुरणाला म्हणून कुणी जुनी डाळ उचलली तर हातातून काढून घ्यायचे. गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानात जायचं आणि आठवड्यानं परत यायचं. त्यांचं चुकत नसे, आणि चुकत नाही याचा त्यांना ताठाही होता. मला तो ताठा कधी कधी सहन होत नसे. हे मी पुढं जे केलं त्याचं कारण म्हणून सांगत नाही. पण होत नसे, हे खरं.

अंड्याच्या नूडल्सना वेगळी शेगडी, वेगळी कढई. अंड्याचे वाडगे निळ्या काठाचे, साधे बिनकाठाचे. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ह्या सगळ्याच्या वर त्यांचा एक छंद होता. गावात कुणाचा कुठला उपवास, हे त्यांना पाठ होतं. मी एकदा डब्यावर बसलो तर म्हणाले, "उठा. आज संकष्टी हाय तुमची."

"चाचा, माझी नाही, बायकोची."

"मागच्या महिन्यात तुमीच म्हणला, आजपासून मीबी धरलीय. एका महिन्यात सोडली? मास्तर हाव का कोण?"

मी उठलो. लोक हसले. त्यांच्या भिंतीवर दिनदर्शिका होती आणि तिच्यावर चतुर्थ्या, एकादश्यांभोवती निळ्या पेननं गोल केलेले असत. "आमचे रोजे सोपे," ते म्हणायचे. "चांद दिसला, धरले. चांद दिसला, सोडले. तुमचं लई अवघड. कुणाचा मंगळवार, कुणाचा गुरुवार, कुणाला मीठ चालतंय, कुणाला पाणीबी चालत न्हाय. आन् भुका मात्र सगळ्यांच्या सारख्या."

त्यातून त्यांच्या डोक्यात भगरीच्या शेवया शिरल्या.

उपवासाच्या दिवशी आपल्या दुकानातून माणूस उपाशी परत जातो, हे त्यांना खुपायचं. भगरीचं पीठ, थोडं साबुदाण्याचं, उकडलेला बटाटा, असं मळून शेवया पाडायच्या, वाफवायच्या आणि दाण्याच्या आमटीत घालून वाडग्यात द्यायच्या. सहा महिने त्यांनी हा खटाटोप केला. शेवया तुटायच्या. पाण्यात विरघळायच्या. मग एक दिवस ते आमच्या घरी आले, दारात उभे राहिले आणि माझ्या आईला म्हणाले, "काकू, तुमी भगरीत काय घालता जे आमी घालत न्हाय?"

आई देवीची कडक भक्त. परक्याच्या हातचं पाणी न पिणारी. मला वाटलं, ती दारातूनच वाटेला लावील. ती म्हणाली, "घालायचं काही नसतं, बाबा. गरम पाण्यात मळ. आणि आमटीत मोहरी टाकत असशील तर टाकू नकोस, आम्हाला चालत नाही. जिरं टाक." मग आत गेली आणि स्वतःचा पितळी सोऱ्या घेऊन आली. शेवेचा, चकलीचा नव्हे. माझ्या आजीच्या वेळचा. "ह्याच्यानं पाड. तुझ्या त्या पत्र्याच्या सोऱ्याची भोकं मोठी आहेत, म्हणून तुटतात."

चाचांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

शेवया जमल्या. त्यांनी त्यासाठी नवी भांडी घेतली, स्टीलचे नवे वाडगे घेतले आणि काचेच्या छोट्या कपाटात कुलपात ठेवले. किल्ली स्वेटरच्या खिशात. पीठ गिऱ्हाइकासमोर मळायचे, शेवया गिऱ्हाइकासमोर पाडायचे. "डोळ्यानं बघा, मग खावा. माझ्यावर इस्वास ठेवायचं काम न्हाय." पहिल्या एकादशीला तिघं आले. आषाढीला रांग लागली. श्रावणात बायका घरी डबे नेऊ लागल्या. आईनं स्वतः खाल्ल्या नाहीत, पण शेजारणीला सांगितलं, "चांगल्या करतो. माझ्याच सोऱ्यानं पाडतो." आईकडून याहून मोठं प्रमाणपत्र कुणाला मिळालेलं मला आठवत नाही.

नवरात्रात आमच्याकडं घट बसतात. वडील गेल्यापासून नऊ दिवसांचा उपवास माझ्याकडं आला. आमच्या भागात नवरात्र म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. अर्धं गाव अनवाणी असतं, तुळजापूरच्या रस्त्यानं दिवसरात्र माणसं चालत असतात. मीही अनवाणी शाळेत जायचो. मुलं पायांकडं बघायची आणि मला ते आवडायचं.

सहावी माळ, शुक्रवार. मधल्या सुट्टीत मी दुकानात गेलो. चाचा नमाजाला निघाले होते. शुक्रवारी ते जो कुणी नेहमीचा तिथं असेल त्याला दुकानात बसवून जायचे. "सर, जरा बघा. भगरीचं आल्यावर करून देतो तुमाला," म्हणाले आणि चप्पल घालून गेले. कपाटाला कुलूप होतं. मागच्या शेगडीवर त्यांचं स्वतःचं दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. निळ्या काठाचा वाडगा. दोन अंडी फोडून घातलेल्या नूडल्स, वर कांदा, हिरवी मिरची.

मला काही झालं नव्हतं. चक्कर येत नव्हती, साखर कमी झाली नव्हती. नंतर मी स्वतःला अशी बरीच कारणं देऊन पाहिली. भूक होती आणि वास येत होता, एवढंच. मी झाकण काढलं, एक घास घेतला, मग वाडगा हातात घेऊन डब्यावर बसलो.

अर्धा संपला असेल, तेवढ्यात आमच्याच शाळेतले एक सहकारी कापूर न्यायला आले. त्यांच्याकडं गावातल्या तीन ग्रुपची ॲडमिनकी. तेही अनवाणी. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मग वाडग्याकडं.

"सर," ते म्हणाले, "तुमच्याकडं घट बसलेत ना?"

मी वाडग्याकडं असं पाहिलं, जणू तो मला आत्ताच दिसला होता. आणि म्हणालो, "भगरीच्या आहेत ना ह्या? चाचांनी जाताना दिल्या. भगरीच्या म्हणून दिल्या."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण ते इतकं तयार निघालं की मला अजून त्याचं नवल वाटतं. त्यांनी वाकून पाहिलं. "सर, अंडं आहे हो ह्यात!" मी वाडगा खाली टाकला. मला ओकारीसुद्धा आली. खोटी नव्हती, खरी आली.

चाचा परत येण्याआधी आम्ही दोघं निघून गेलो होतो. सांडलेलं त्यांनीच पुसलं असेल.

संध्याकाळी घरी पोचलो तर आईला कळलेलं होतं. ती घटासमोर बसली होती. तिनं मान वळवली नाही.

"त्यानं दिलं?"

"हो."

"भगरीचं म्हणून?"

"हो म्हणतोय ना."

तिनं समईत तेल घातलं. मग म्हणाली, "असा वाटला नव्हता." मला तेव्हा वाटलं, ती चाचांबद्दलच बोलतेय.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सुटली तेव्हा दुकानासमोर पन्नास-साठ माणसं होती. पुढं देवीच्या मंडळातली पोरं. त्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. कुणी हात उगारला नव्हता. त्यांनी चाचांना फक्त सगळी भांडी रस्त्यावर आणून मांडायला सांगितलं होतं. चाचा एकेक आणत होते. बिनकाठाचे वाडगे एका ओळीत, निळ्या काठाचे दुसऱ्या. शेवटी काचेचं कपाट उघडून स्टीलचे.

"हे बघा," ते सांगत होते. "निळ्या काठात उपासाचं म्या कधी कुणाला दिलंय? ह्या गावात एक माणूस दाखवा. आन् ह्या कपाटाची किल्ली तवा माझ्या खिशात होती. म्या मशिदीत होतो. मग भगरीचं दिलं कुठून?"

"मग सर खोटं बोलतेत व्हय?" एक पोरगा म्हणाला.

"म्या कुठं म्हणलं?" चाचांनी गर्दीवर नजर फिरवली आणि मी त्यांना दिसलो. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. "हे काय, सर हाईत की. सर, तुमीच सांगा ना एकदा. काय झालतं ते सांगा आन् मिटवा."

सगळे वळले. मला रस्ता करून दिला. माझ्या पायांत चप्पल नव्हती. सगळ्यांना ते दिसत होतं.

मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? हसले असते. चार दिवस नाव ठेवलं असतं. आई रडली असती. याहून जास्त काही झालं नसतं. मास्तराचा उपवास मोडला, यावर कुणी रस्त्यावर भांडी मांडायला लावत नाही.

मी म्हणालो, "जाऊ द्या आता. चूक होते माणसाकडून. माझ्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं. साठ माणसांसमोर, स्वच्छ आवाजात, वर्गात बोलतो तसं. कुणीतरी म्हणालं, "बघा, ह्याला म्हणतेत मन." पोरं शांत झाली. एकानं चाचांना सांगितलं, "सर म्हणले म्हणून सोडतोय. आजपासून खायचं काम बंद. किराणा विका." चाचा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. भाव विचारल्यावर गिऱ्हाइकानं भलतंच काही उत्तर द्यावं आणि दुकानदारानं क्षणभर थांबावं, तसं. मग ते खाली वाकले आणि वाडगे गोळा करायला लागले. कुणी मदत केली नाही. मीसुद्धा.

दोन दिवसांनी ते आमच्या घरी आले. सोऱ्या चिंचेनं घासून लख्ख केला होता. तो त्यांनी उंबऱ्याबाहेर, फरशीवर ठेवला. मी आतल्या खोलीत होतो, दाराआड.

"काकू, घ्या तुमची वस्तू," ते म्हणाले. "ह्याच्यातनं भगरीबिगर काय गेलं न्हाय. देवाची शपत."

आई म्हणाली, "ठेव तिथं."

ते थोडं थांबले. मला वाटतं, मी आत आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हाक मारली नाही.

आईनं तो सोऱ्या मोडीत देऊन टाकला. पुढच्या नवरात्रात तिनं माझ्याकडून नऊ दिवस फक्त पाणी आणि एक वेळ दूध, असा उपवास करून घेतला. मी केला. गावात त्याची चर्चा झाली. मंडळानं आरतीचा पहिला मान मला दिला, तो पुढंही दरवर्षी दिला. लोक मुलांना माझं उदाहरण द्यायला लागले, की बघा, फसवणूक झाली तरी माणसानं तोंडातून वाईट शब्द काढला नाही. ते सहकारी हे भाषणात सांगतात. मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

मी त्या गल्लीतून जायचं टाळत होतो. शाळेला मागचं दार आहे, त्यानं जायचो. दुकानाचं कानावर यायचं. बायका येईनाशा झाल्या. मग काही परत आल्या, कारण डाळ कुठली कशाला, हे दुसरीकडं कुणी सांगत नव्हतं. तेलाचे डबे चाचांनी विकून टाकले. उपवासाचं साहित्य म्हणून साबुदाणा, भगर, राजगिरा, काहीच ठेवत नाहीत. कुणी मागितलं तर म्हणतात, "ते आमच्याकडं न्हाय मिळत."

आई गेल्या वर्षी गेली. तिला मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. ती दोन्ही वेळा डोळे मिटून पडली होती, आणि मी तिला झोप लागली असं समजलो.

ती गेल्यावर मला वाटलं, आता कुणाची भीती उरली नाही. चार लोकांना सांगायचं, ग्रुपवर लिहायचं, आरतीच्या वेळी माईक हातात असतो तेव्हा बोलायचं. मी कागदावर लिहूनसुद्धा काढलं. पण आधी त्यांना सांगावं म्हणून एका दुपारी दुकानात गेलो. जवळपास आठ वर्षांनी.

चाचा गल्ल्यावर होते. स्वेटर तोच की दुसरा, सांगता येत नाही. चेहरा लहान झाला होता.

"या सर," ते म्हणाले. "काय देऊ?"

"काही नको. चाचा, मी सगळ्यांना सांगणार आहे. खरं काय झालं ते. लिहून आणलंय."

मी कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"वाचून दाखवू का?"

"नक्को," ते म्हणाले. "सर, बसा. न्हाय, आता बसायला काय न्हाय. उभंच ऐका. आठ वर्सांनी कोण सांगतंय खरं? लोक काय म्हणतील, सर देवमाणूस हाय म्हणून खरं बोलला, असं? न्हाय. म्हणतील, चाचानं काय तरी करून सरांना फिरवलं. म्हणतील, आता ह्या लोकांचं असं चालू झालं. पुन्ना भांडी रस्त्यावर. माझी नात तुमच्याच शाळेत हाय, सातवीत. तिला त्यातलं काय ठावं न्हाय. लोक इसरायलेत, सर. साखर न्यायला यायलेत. इसरू द्या."

"पण तुमचं नाव—"

"माझ्या नावाचं मी बघतो. ते तवा पायजे होतं. तवा एक शब्द पायजे होता. आता शंभर बोलला तरी ते माझ्याच अंगावर येतील."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. "बरं," म्हणालो. "तुम्ही म्हणता तसं."

आणि तेव्हा मला काय वाटलं, ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिलं. मला बरं वाटलं. खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं. येत्या नवरात्रात मला काही बोलायचं नाही, आरतीचा मान जाणार नाही, आणि वर तेच नको म्हणाले होते. मी दुःखी चेहरा करायचा प्रयत्न केला. पण पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडं आयुष्यभर बघत उभा राहिलेला तो माणूस. त्यांना चेहरा वाचता येत होता.

"हलकं वाटलं ना, सर?" ते म्हणाले.

मी खिशातला कागद आणखी आत सारला.

"जावा आता. गिऱ्हाइकाची येळ झाली."

मी पायरी उतरलो. गल्लीत दोन्ही बाजूंना कुणीही येत नव्हतं.

इथं मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं. माझंही लिहिलेलं नाही. ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.